एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी गावात आरोग्याचं काम नेमकं कसं करावं? (तासगाव-मिरज परिसर)

वारणाकाठची

नमस्कार मंडळी. मी मिरजेत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माहेर म्हणा, गाव म्हणा, वाळवा तालुक्यातलं. पुढच्या महिन्यात आमच्या बॅचला तासगाव तालुक्यातल्या एका गावात आरोग्य जागृती सप्ताह करायचा आहे. आराखडा नेहमीचाच आलाय: प्रभातफेरी, शाळेत निबंध स्पर्धा, ग्रामपंचायतीसमोर पथनाट्य, एक दिवस बीपी-शुगर तपासणी आणि समारोप. यातलं काहीही वाईट नाही. पण आमच्या हातात याहून मोलाची एक गोष्ट आहे आणि या सप्ताहात तिला कुठेच जागा नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: राष्ट्रीय वैद्यक आयोगाने एमबीबीएसला 'कुटुंब दत्तक' उपक्रम सक्तीचा केलाय. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली तीन ते पाच घरं नेमून देतात. त्याच घरांत पुन्हा पुन्हा जायचं, माणसांची वजनं, बीपी, हिमोग्लोबिन, मुलांच्या लसी, पिण्याचं पाणी, सगळ्याची नोंद लॉगबुकात ठेवायची. म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत त्या घरातली माणसं आम्हाला नावाने हाक मारतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

माझ्या एका घरातली सून गरोदर आहे, सहावा महिना. पहिलंच बाळंतपण. हिमोग्लोबिन साडेआठ. गरोदरपणात ते किमान ११ असावं लागतं. आशाताई लोहाच्या लाल गोळ्या वेळेवर पोचवतात, सून त्या न चुकता घेते, तरी आकडा हलत नव्हता. "गोळी कधी घेतेस गं?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, सकाळच्या चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. आमचं एवढं बोलणं होतंय तोवर सासूबाई चुलीजवळच्या कोनाड्यातली पत्र्याची डबी घेऊन आल्या. डाव्या तळहातावर चिमूटभर मिसरी घेतली, उजव्या हाताच्या बोटाने हिरड्यांना लावत उंबऱ्याशी बसल्या आणि डबी सुनेकडे सरकवली. सुनेनेही लावली. दोघींच्याही चेहऱ्यावर त्याचं काही वेगळं वाटत नव्हतं.

मिसरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली. पुण्या-मुंबईकडे मशेरी म्हणतात. दात घासायला म्हणून मुलगी आईकडून उचलते आणि मग दिवसातून चार-पाच वेळा लागते. हिरड्यांतून निकोटिन थेट रक्तात जातं. गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचं होण्याची, पोटातच दगावण्याची भीती वाढते. मी सासूबाईंना हळूच विचारलं, तर त्यांचं उत्तर तयार होतं: "मिसरी लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई बघ पोरी."

हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते खोटं नाही. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. म्हणजे कॅन्सरग्रस्त जबड्याचा फोटो असलेलं पोस्टर आम्ही त्यांच्यासमोर धरतो तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळाच असतो, आणि त्याचं उत्तर पोस्टरवर नसतं.

माझं म्हणणं असं, की सप्ताहातले निदान चार दिवस या दत्तक घरांनाच द्यावेत. संध्याकाळी जावं, घरातल्या तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासावं, मिसरीबद्दल बोलावं, पण आधी ऐकून घ्यावं. आमच्या सरांना हे पटवायचं आहे. तुमच्यापैकी कुणी गावात असं काम केलंय का? काय चाललं, काय नाही, मोकळेपणाने सांगा.

---

सातारी_कंदी

ताई, कल्पना आवडली, पण प्रभातफेरी अगदीच मोडीत काढू नका. गावाला आधी कळायला हवं ना तुम्ही कोण आहात ते. पांढऱ्या कोटातली पोरं दारात उभी राहिली की म्हातारी माणसं दचकतात, कुणी आजारी पडलंय की काय म्हणून. फेरी झालेली असली की दार उघडतं.

शाळेचं म्हणाल तर निबंधापेक्षा मुलांना काम द्या. आमच्याकडे (सातारा शहराजवळचं गाव) डेंग्यूच्या वेळी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मुलांनी पाचवी ते सातवीच्या पोरांना अळ्या दाखवल्या. काचेच्या ग्लासात, जिवंत. मग प्रत्येकाने आपापल्या घरातली पाणी साठवायची भांडी बघून यायची: रांजण, पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, हे पोरांना एका दिवसात पाठ झालं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात, म्हणून आतून घासायचंच. आमच्या घरी अजून रविवारी पिंप घासलं जातं, ते मोठ्यांमुळे नाही, धाकट्या पुतण्यामुळे.

---

आशा_कवठेमहांकाळ

मॅडम, तुम्ही उद्या डॉक्टर होणार म्हणून मॅडमच म्हणते. मी आशा आहे, कवठेमहांकाळ तालुक्यात.

तुमच्यासारखी पोरं-पोरी गावात आली की घरं दाखवत आम्हीच फिरतो. चांगली असतात हो, नीट बोलतात, म्हाताऱ्यांच्या पाया पडतात. पण ती गेली की गावातली बाई मला विचारते, "ती चष्मेवाली पोरगी म्हणली हुती परत येते, आली न्हाई का?" आता मी काय सांगू? म्हणून पहिली विनंती ही, की जेवढं जमणार असेल तेवढंच बोला. पुन्हा येणार नसाल तर येते म्हणू नका.

दुसरं. सुनेला सासूसमोर मिसरीवरून काही बोलू नका. तुम्ही निघून जाल आणि घरात तिला बोलणी बसतील, "डाक्टरणीकडं माझी चाडी केलीस" म्हणून. आधी सासूचं बघा. तिचे गुडघे, तिचं बीपी, तिची शुगर. तिला वाटलं पाहिजे की ही पोरगी माझ्यासाठी पण येते. मग तीच सुनेला सांगेल. मी अशीच दोन घरं फिरवली आहेत. सासूनं डबी उचलून माळ्यावर टाकली तेव्हा सुनेची सुटली. डबी कोनाड्यात हाय तोवर सुनेची सुटत नसते, कितीबी सांगा.

तिसरं आणि घाईचं. पहिलं बाळंतपण म्हणताय, सहावा महिना म्हणताय. म्हणजे ती पोरगी आता सातव्यात माहेरी जाणार. तुमचं लॉगबुक तिथंच थांबणार बघा. तिचं माहेर कुठलं ते विचारून घ्या, तिथल्या आशाचा नंबर आत्ताच घ्या, आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत पडलं का ते डोळ्यानं बघा. कार्ड सासरी कपाटात राहतं आणि पोरगी माहेरी जाते, हे मी दरवर्षी बघते.

---

वारणाकाठची

आशाताई, मनापासून आभार. माहेराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या रविवारी जाऊन विचारते.

सातारी_कंदी, अळ्यांचा ग्लास नक्की करतो.

---

विट्याचा_गणेश

थोडं कडवट लिहितोय, समजून घ्या.

आमच्या गावात काही वर्षांपूर्वी एका कॉलेजचं शिबिर झालं. कॉलेजचं नाव लिहित नाही. बॅनर, मंडप, आमदारसाहेब, सगळं झालं. माझ्या आईचं बीपी तपासलं. चिठ्ठीवर १६०/१०० लिहून दिलं आणि "जवळच्या दवाखान्यात दाखवा" एवढंच सांगितलं. आईला लिहितावाचता येत नाही. तिने ती चिठ्ठी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जपून ठेवली, कारण तिला वाटलं तपासलं म्हणजे उपचार झाला. वर्षभराने चक्कर येऊन पडली तेव्हा मला ती चिठ्ठी सापडली. आई आता गोळ्या घेते, बरी आहे. पण त्या दिवशी त्या मंडपात एकाही माणसाने आमचा फोन नंबर घेतला नव्हता, आणि संध्याकाळी सगळ्यांचे फोटो मात्र फेसबुकवर होते.

तुम्ही लोक हजेरीसाठी येता, असं गावात सरळ बोललं जातं. हे खोडून काढायचं असेल तर तपासलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते आधी सांगा.

---

जनआरोग्य_शिक्षक

मी पीएसएम शिकवतो, म्हणजे जनऔषधवैद्यकशास्त्र. पश्चिम महाराष्ट्रातच. विट्याच्या गणेश यांनी लिहिलंय ते मी वर्गात वाचून दाखवणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

रक्तदाबाचा एकच आकडा बघून कायमचं निदान करत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा वर आला तर उच्च रक्तदाब धरतात. पण १६०/१०० सापडल्यावर त्या माणसाला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवायला हवं. नुसती चिठ्ठी देऊन तपासणी पूर्ण होत नाही. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, आणि स्त्रियांची त्याशिवाय स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमच आहे. बीपी-शुगरची औषधं आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. विद्यार्थ्यांनी वेगळा मंडप टाकायची गरज नाही. उपकेंद्रातल्या नर्सताईंच्या रजिस्टरमध्ये ज्यांची नावं आलेली नाहीत ती माणसं शोधून तिथवर आणली, तरी ते कुठल्याही शिबिरापेक्षा मोठं काम आहे.

हा विचार आजचा नाही. १९४६ साली भोर समितीने डॉक्टरच्या शिक्षणात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण असावं, असं सुचवलं होतं. लोकांच्या जगण्याशी जोडलेला डॉक्टर तयार व्हावा हा हेतू. आणि आपल्याच राज्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. तिथे काम उभं राहिलं ते बायका रोज त्याच गावात, त्याच शेजारणींत राहत होत्या म्हणून. बाहेरून येणाऱ्याला ते नातं इतक्या सहज मिळत नाही. दत्तक घरांमुळे विद्यार्थ्याला त्याचा थोडासा तरी वाटा मिळतो, म्हणून वारणाकाठची यांची मागणी मला रास्त वाटते.

तोंड तपासणीबद्दल, कारण ती करणारे फार थोडे असतात. उजेडात बसवा, टॉर्च आणि लाकडी पट्टी हातात असू द्या. कवळी असेल तर काढायला सांगा. दोन्ही गालांच्या आतली बाजू, ओठ आणि हिरडीमधली खाच (मिसरी तिथेच लागते), जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमलीसारखा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काहीही दिसलं तर पाठवायचं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का तेही बघायचं. जात नसतील तर बहुतेक वेळा सुपारी-गुटख्याचा इतिहास निघतो. आणि घरातल्या बाईला आरशात स्वतःचं तोंड असंच बघायला शिकवा, म्हणजे पुढच्या वेळी तुमची वाट बघावी लागणार नाही.

---

विट्याचा_गणेश

सर, खुशाल वाचून दाखवा.

---

बागायतदार_मणेराजुरी

पुढच्या महिन्यात म्हणताय तर आधी तारखा बघा. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आमच्याकडं माणूस घरात सापडत नाही. पहाटे फवारणी, दिवसभर डिपिंग (घड औषधात बुडवायचे) नाहीतर विरळणी, रात्री लाईटीची वाट. बायका मजुरीला जातात त्या सहाच्या पुढं परत. सकाळी अकराला पथनाट्य ठेवलंत तर बघायला म्हातारी माणसं आणि कुत्री. जेवणं झाल्यावर, आठच्या पुढं या, देवळासमोर लाईट आहे.

आणि आमच्या भागात येताय तर फवारणीवर बोला. मिसरीइतकंच ते गरजेचं आहे. ब्लोअर चालवणारं पोरगं तोंडाला साधा रुमाल बांधून फवारतं, त्याच हातानं पुडी फोडतं. संध्याकाळी मळमळ, डोकं जड, लाळ गळती, आणि घरातले म्हणतात ऊन लागलं. औषधाचा डबा धुऊन त्यात पाणी भरणारी घरं मी स्वतः बघितली आहेत. यावर कुणी डॉक्टर गावात येऊन बोललेला मला तरी आठवत नाही.

---

जनआरोग्य_शिक्षक

मणेराजुरीकर, फार मोलाचं लिहिलंत. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झाली की घाम, लाळ, डोळ्यातून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, अंगाचे स्नायू उडणं, छाती भरून येणं असं दिसतं. कपडे लगेच काढून अंग साबणाने भरपूर पाण्यात धुवायचं, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत न्यायचं. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन द्यावं लागतं, पण कुठलं औषध होतं ते कळलं तरच डॉक्टरला वेळ वाचवता येतो. ही चार वाक्यं कृषी सेवा केंद्राच्या दुकानात मोठ्या अक्षरात लावायला हवीत. विद्यार्थ्यांनी दुकानदारांना भेटावं. शेतकरी आधी त्यांचं ऐकतो.

---

निवृत्त_आरोग्यसेवक

पस्तीस वर्षं बहुउद्देशीय आरोग्यसेवक म्हणून नोकरी केली, सांगली जिल्ह्यातच. हिवतापाच्या स्लाईडा, लसीकरण, कंटेनर सर्वे, पाण्याचे नमुने, सगळं पायी आणि सायकलवर. मुलांना एक काम सुचवतो, फार साधं आहे.

गावात गेलात की ग्रामपंचायतीत टीसीएल पावडरचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं पोतं कुठं ठेवलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी ते ओलसर कोपऱ्यात, तोंड उघडं असं पडलेलं असतं. अशा पोत्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसती पांढरी पावडर उरते. शिपाई ती इमानाने टाकीत टाकतो, नोंदवहीत सही होते, आणि पाणी जसंच्या तसं राहतं. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, टाकीजवळच्या नळावर करू नका, गावाच्या शेवटच्या नळावर करा, म्हणजे बहुतेक गावांत वस्तीवरच्या. नळीत थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचला. नाही झालं तर सरपंचांना, ग्रामसेवकांना तिथंच बोलावून दाखवा. शाळेची पोरं भोवती उभी असली की लगेच हालचाल होते.

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या गावांत काम केलं तेव्हा लोकांना पाण्यापेक्षा उंदरांची जास्त भीती सांगावी लागली. पूर ओसरल्यावर चिखलात अनवाणी उतरून घरं साफ करणारी माणसं, पायाला चिरा पडलेल्या. लेप्टोचा जंतू उंदराच्या मुतातून त्या चिखलात येतो आणि चिरेतून आत शिरतो. ताप, पिंढऱ्यांत ठणका, डोळे लाल, अशा माणसाला अंगावर काढू द्यायचं नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या मुलांनी तेव्हा आमच्याबरोबर दारोदार फिरून डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या समोर खायला लावल्या. हातात देऊन आलं की गोळी वळचणीला जाते. ती पोरं मला अजून फोन करतात.

---

नाट्यपंढरी_सांगली

पथनाट्यावर मला बोलायलाच हवं. आपण सांगलीची माणसं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' उभं केलं, ५ नोव्हेंबरला सगळं राज्य रंगभूमी दिन साजरा करतं. आणि आपल्याच जिल्ह्यात आरोग्याच्या पथनाट्यात काय असतं? एक यमराज, एक दारुडा, चार घोषणा, शेवटी सगळे रांगेत उभे राहून "निरोगी रहा". लोक यमराजाला हसतात आणि घरी जातात.

वारणाकाठची यांच्या पहिल्या पोस्टमध्येच नाटक आहे. सासू, सून, डबी. सासू वाईट दाखवायची नाही. तिचं पोट खरंच साफ होत नाही, तिला खरंच दात ठणकला तेव्हा मिसरीने आराम पडला होता, तिच्या आईने तिला लावली होती. सुनेला सांगता येत नाही. नवऱ्याला काहीच दिसत नाही, कारण त्याच्या गालात पुडी आहे. उत्तर न देता थांबा आणि समोरच्या बायकांना विचारा, या सुनेने काय करावं? बायका बोलायला लागतात, अगदी नाव घेऊन सल्ला देतात. तेव्हा तुमच्यातल्या एकीने उभं राहून माहिती द्यायची. आम्ही बालविवाहावर असा प्रयोग केला होता, प्रयोगापेक्षा नंतरचं बोलणं जास्त वेळ चाललं. हवी असेल तर संहिता बसवून देतो. तालमीला मिरजेला येईन, मानधन नको.

---

माणदेशी_लेक

मी माण तालुक्यातली, दहिवडीजवळ सासर. माझ्या आईने मिसरी सोडली त्याबद्दल लिहिते, कुणाच्या उपयोगी पडलं तर.

आईला कुणी भाषण दिलं नाही. बचत गटाच्या मीटिंगमध्ये एक इंटर्न डॉक्टर यायची. तिने आईला एवढंच विचारलं, "मावशी, दिवसातली कुठली मिसरी सोडायला सगळ्यात सोपी?" आई म्हणाली, दुपारची. मग पहिल्यांदा दुपारचीच सोडली. नंतर रात्रीची. सकाळची शेवटी, कारण पोटाचा प्रश्न होता. त्यासाठी तिने सांगितलं, उठल्या उठल्या तांब्याभर कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी, आणि कळ आली नाही तरी ठरल्या वेळेला जाऊन बसायचं. तलफ आली की बडीशेप किंवा लवंग तोंडात धरायची, पाच मिनिटं कशात तरी हात गुंतवायचे, तलफ तेवढ्यात उतरते. पहिले तीन-चार दिवस आई फार चिडचिडी झाली होती, डोकं दुखायचं. त्या डॉक्टरने ते आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही घाबरलो नाही आणि कुणी "घे बाई एकदाची" म्हणालो नाही. घरातल्यांना हे सांगणं फार गरजेचं आहे.

आणखी एक. आईच्या गटातल्या सहा-सात जणींनी बरोबरच सोडायचं ठरवलं होतं. एकटीला जमलं नसतं, कारण दुपारी सगळ्या एकत्र बसल्या की डबी फिरतेच. आमच्याकडे म्हसवडच्या माणदेशी तरंग रेडिओवर बायका स्वतः बोलतात. तुमच्या भागात तसं काही असेल तर सोडलेल्या बाईलाच बोलायला लावा.

---

जत_पूर्व

सांगली जिल्हा म्हटलं की सगळे कृष्णाकाठ बघतात. आमच्या जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड बोलतात. मराठी पोस्टर शाळेत शिकलेली पोरं वाचतात, आजीला त्यातलं काही कळत नाही. तुमच्या बॅचमध्ये सीमाभागातली कन्नड येणारी मुलं असतीलच. त्यांना आमच्याकडे पाठवायला सांगा सरांना. लाडेलाडे विनंती नाही ही, हक्काने सांगतोय.

---

ऊसपट्टा

आणि वाळवा-कराड पट्ट्यातले साखर कारखान्यांचे तळ, म्हणजे मजुरांच्या मुक्कामाच्या जागा. दिवाळी झाली की बीडकडचे ऊसतोड मजूर येतात, मार्चपर्यंत पालात राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली तरी मोळी डोक्यावर घेते, कारण खाडा परवडत नाही. मुलाचं लसीचं कार्ड गावाकडं राहिलेलं, नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस चुकलेली, आणि इथल्या आशाच्या यादीत त्यांचं नाव नाही. लस कुठल्याही गावात, कुठल्याही उपकेंद्रात मोफत मिळते हेच त्यांना ठाऊक नसतं. कराडला आणि इस्लामपूरला वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तळ त्यांच्या दारात आहेत. हंगामाच्या पहिल्याच महिन्यात तळावर जाऊन नुसती मुलांची आणि गरोदर बायकांची यादी करून उपकेंद्राला दिली तरी पुढचं काम नर्सताई करतात. मजूर पहाटे चारला फडात जातात, म्हणून यादी रात्रीच करावी लागते.

---

वारणाकाठची

सगळ्यांचे आभार. आज सरांशी बोलणं झालं. त्यांना हा धागा मोबाईलवर दाखवला, त्यांनी आशाताईंची पोस्ट आणि गणेशदादांची पोस्ट दोन्ही नीट वाचल्या. ठरलंय ते असं.

प्रभातफेरी एकच दिवस आणि छोटी. शाळेत निबंधाऐवजी अळ्यांचा ग्लास आणि शेवटच्या नळावरची ओटी टेस्ट. आरोग्यसेवककाका, त्या दिवशी तुम्ही येऊ शकाल का? पोरांपुढे तुम्हीच बोलावं असं वाटतं. नाटक रात्री साडेआठला देवळासमोर, सासू-सून-डबीचंच. नाट्यपंढरी यांना व्यक्तिगत संदेश पाठवलाय. मंडप टाकून तपासणी करायची नाही. उरलेल्या चार संध्याकाळी प्रत्येकाने आपापल्या दत्तक घरांत जायचं, तोंड आणि बीपी तपासायचं, आणि ज्यांना पुढे पाठवायचं त्यांची नावं उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये आपल्या फोन नंबरसह लिहायची. महिन्याभराने प्रत्येकाने आपल्या यादीतली माणसं पोचली का ते बघायचं. सर म्हणाले, हे लॉगबुकात धरू. फवारणीसाठी दोन कृषी सेवा केंद्रांशी बोलणार आहोत, मणेराजुरीकर, ओळख करून द्याल का? मिसरी सोडताना कुणाला फोनवर बोलायचं असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवा मोफत आहे, तो नंबर प्रत्येक घरात लिहून देऊ. जत आणि ऊसतोडीचं या सप्ताहात बसत नाही, पण आमच्या बॅचमध्ये कन्नड बोलणारी चार मुलं आहेत, त्यांना धाग्याची लिंक दिली आहे.

रविवारी त्या घरी जाऊन आले. सासूबाईंचं बीपी घेतलं, गुडघ्यांचे व्यायाम दाखवले, मिसरीचा विषय काढला नाही. निघताना त्यांनीच विचारलं, "आणि हिच्या रक्ताचं काय गं?" मी गोळी आणि चहात निदान दोन तास अंतर ठेवायला सांगितलं, लिंबू पिळलेली मटकी किंवा पालेभाजी ताटात असू दे म्हटलं, आणि आशाताई, मिसरीने बाळाचं वजन कमी होतं हेही त्यांनाच सांगितलं, सुनेला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, पण ऐकून घेतलं. सून पुढच्या पंधरवड्यात माहेरी जाणार आहे, माहेर आटपाडीकडचं. तिथल्या आशाताईंपर्यंत कसं पोचायचं?

---

आशा_कवठेमहांकाळ

सासूलाच सांगितलंत ते बेस केलंत.

आटपाडीकडच्या एक गटप्रवर्तक (आशांवर देखरेख करणाऱ्या ताई) ट्रेनिंगला माझ्याबरोबर होत्या. माहेरच्या गावाचं नाव मला व्यक्तिगत कळवा, त्या तिथल्या आशाचा नंबर देतील. जायच्या आधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. साडेआठ म्हणजे नुसत्या गोळ्यांवर सोडून चालणार नाही, मेडिकल ऑफिसर सरांना दाखवून लोहाची इंजेक्शनं लागतात का ते ती माहेरी जायच्या आतच विचारून घ्या. आणि पुढचं हिमोग्लोबिन कधी करायचं ती तारीख कार्डावर पेनानं मोठी लिहून द्या, म्हणजे तिकडची आशा बरोबर त्या दिवशी तिला घेऊन जाईल.